शिवलेला जोड किती ओढ सोसेल? ऊती अभियांत्रिकीच्या संशोधकांना खुले पत्र

टेंडन-लिगामेंट आणि हाड यांच्यातला जोड नव्यानं घडवू पाहणारे संशोधक, त्यांचे निबंध तपासणारे परीक्षक व संपादक आणि या कामाला निधी देणाऱ्या समित्यांचे सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. खांद्याचं फाटलेलं टेंडन (स्नायूला हाडाशी बांधणारा दोर) हाडाला परत शिवलं किंवा गुडघ्यातलं लिगामेंट (हाडाला हाडाशी बांधणारा पट्टा) नव्यानं बसवलं की शल्यचिकित्सकांचं काम काही तासांत संपतं, आणि पेशंट पुढचे कितीतरी महिने माझ्यासारख्यांच्या हाती असतो. त्या महिन्यांत आम्ही करतो ते थोडक्यात एवढंच: नुकत्याच शिवलेल्या जागेवर किती ओढ पडू द्यायची, हे दर आठवड्याला ठरवणं. कमी पडू दिली तर खांदा आखडतो, जास्त दिली तर जोड सुटतो. म्हणून तुमचे निबंध वाचताना मी आधी एकच माहिती शोधते. तुम्ही बसवलेल्या जोडावर कितव्या दिवसापासून किती ओढ आली? ती बहुतेक वेळा सापडत नाही. स्कॅफोल्ड, म्हणजे नव्या ऊतीला वाढायला दिलेला सांगाडा, कशाचा, धाग्यांची जाडी किती, छिद्रं केवढी, कोणत्या पेशी पेरल्या, कोणता ग्रोथ फॅक्टर (पेशींची वाढ चेतवणारं प्रथिन) किती नॅनोग्रॅम घातला, सगळं असतं. शस्त्रक्रियेनंतर प्राण्याचं काय केलं, याला एक वाक्य मिळतं: पिंजऱ्यात मोकळं फिरू दिलं.

हे पत्र त्या एका वाक्याबद्दल आहे.

तुम्हाला या जोडाची रचना मी सांगणं म्हणजे आगाऊपणाच, पण पत्र खुलं आहे, इतरही वाचतील. टेंडन म्हणजे स्नायुरज्जू. तो हाडाला जिथे मिळतो त्या जागेला एन्थेसिस म्हणतात. खांद्यातल्या रोटेटर कफसारख्या (खांदा फिरवणाऱ्या स्नायूंच्या टेंडनांचा वेढा) ठिकाणी तिथे एकामागोमाग चार थर दिसतात: टेंडन, मग खनिज नसलेली तंतुकूर्चा, मग खनिज भरलेली तंतुकूर्चा, आणि मग हाड. टेंडनमध्ये मुख्यतः पहिल्या प्रकारचं कोलॅजन (ऊतीला बांधून ठेवणारं प्रथिन), मधल्या थरांत दुसऱ्या आणि दहाव्या प्रकारचंही. टेंडनचा ताठरपणा काही शे मेगापास्कल, हाडाचा वीस गिगापास्कलच्या आसपास, म्हणजे कितीतरी पटींनी जास्त. रबराची पट्टी काचेला चिकटवून ओढली तर ती मधोमध तुटत नाही, कडेनं सुटते. इतक्या वेगळ्या दोन पदार्थांच्या सीमेवर ताण असाच एकवटतो. निसर्गानं ही अडचण मिलिमीटरहून कमी जागेत सोडवली आहे. खनिजाचं प्रमाण शून्यापासून हाडाइतकं वाढतं ते शंभरेक मायक्रोमीटरच्या आत. सीमा सरळ नसते, नागमोडी असते, त्यामुळे एकात एक गुंतलेलं क्षेत्रफळ वाढतं. डुकराच्या टाचेवर झालेल्या २०१७ च्या अभ्यासात दिसलं की टेंडनचे जाड तंतू हाडापाशी येताना बारीक तंतूंमध्ये विभागतात, आणि ओढीची दिशा बदलली की वेगवेगळे तंतू भार उचलतात. स्टावरोस थोमोपुलोस आणि गाय जेनिन या संशोधकांच्या गणितातून त्याहून अनपेक्षित गोष्ट निघाली. ताठरपणा टेंडनपासून हाडापर्यंत पायरीपायरीनं चढत जात नाही. मध्येच एक पट्टा असा आहे जो दोघांपेक्षाही नरम आहे, आणि ताण एकवटू न देण्याचं काम तोच करतो.

हे सगळं एकदा फाटलं की प्रौढ माणसात परत येत नाही. तिथे व्रणऊती भरते आणि तीच टेंडनला हाडाशी धरून ठेवते, जमेल तितकी.

म्हणून तुम्ही ती रचना बाहेर घडवून आत बसवायचं ठरवलंत. कोलंबिया विद्यापीठातल्या हेलन लू यांच्या गटानं २००६ मध्ये तीन भागांचा स्कॅफोल्ड मांडला: एका टोकाला लिगामेंटच्या पेशींसाठी जाळी, दुसऱ्या टोकाला हाडाच्या पेशींसाठी बायोअ‍ॅक्टिव्ह काच मिसळलेलं पॉलिमर, आणि मधला भाग दोघांच्या भेटीसाठी. २००९ मध्ये यूनान शिया आणि थोमोपुलोस यांच्या गटांनी नॅनोतंतूंच्या चटईवर खनिजाचा थर एका कडेकडून दुसरीकडे कमी कमी होत जाईल असा चढवला. हे निबंध मी कौतुकानंच वाचले. जैविक रचनेची इतकी बारकाईनं नक्कल करणं सोपं नाही. पण त्यानंतर या विषयात जे शेकडो निबंध आले, त्यांतल्या बहुतेकांनी एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते: रचना बरोबर दिली की बाकीचं आपोआप होईल.

शरीर स्वतः हा जोड बांधतं तेव्हा क्रम उलटा असतो. वाइझमन संस्थेतल्या एलाझार झेल्झर यांच्या गटानं २००९ मध्ये उंदरांच्या भ्रूणांवर दाखवलं की टेंडन जिथे चिकटतं तो हाडाचा उंचवटा सुरू होतो टेंडनच्या पेशींच्या संकेतानं, पण तो वाढतो स्नायूच्या आकुंचनानं. स्नायू हललाच नाही तर उंचवटा खुरटतो. खांद्याच्या जोडातली तंतुकूर्चा तर उंदरात जन्मानंतर तयार होते, म्हणजे पिल्लू पाय वापरू लागल्यावर. त्या दिवसांत बोट्युलिनम टॉक्सिननं स्नायू लुळा पाडला की तिची वाढ रेंगाळते, खनिज भरण्याचं काम मागे पडतं. हे थोमोपुलोस यांच्याच गटाचं काम, २००७ पासूनचं. ओढ ही जोड तयार झाल्यावर त्याची परीक्षा घ्यायला येत नाही. जोड बांधणाऱ्यांतली ती एक आहे. तुमच्या यादीत कोलॅजन आहे, खनिज आहे, पेशी आहेत, ग्रोथ फॅक्टर आहेत, आणि ओढ नाही.

आता कोणी म्हणेल, भ्रूणाचं सोडा, प्रौढ प्राण्यात शिवलेल्या जोडाचं बोला. तिथेही पुरावा आहे आणि तो तुमच्याच नियतकालिकांत आहे. लुई सोस्लोव्स्की यांनी १९९६ मध्ये उंदराच्या खांद्याचं प्रारूप रुजवलं, ज्यावर आज या क्षेत्राचा निम्मा डोलारा उभा आहे. त्याच प्रयोगशाळेत नंतर तपासलं गेलं की शिवल्यावर उंदीर मोकळा सोडला, ट्रेडमिलवर पळवला किंवा पाय प्लास्टरमध्ये ठेवला तर जोडाचं काय होतं. प्लास्टरमधला जोड जास्त चांगला निघाला. मग लीसा गॅलॅट्झ यांच्या गटानं २००९ मध्ये त्याच्या पलीकडचं टोक पाहिलं: टॉक्सिननं स्नायूच बंद केला. जोड बिघडला. प्लास्टरमध्येही स्नायू आतल्या आत थोडा आकुंचन पावतोच, आणि तेवढी ओढ हवी असते असं त्यातून दिसतं. म्हणजे शून्य नको आणि मोकळीकही नको, मध्ये कुठेतरी एक पट्टा आहे. उंदरासाठी तो ढोबळमानानं सापडला आहे. तरीही नव्या स्कॅफोल्डच्या निबंधात उंदीर त्या पट्ट्याबाहेर, पिंजऱ्यात मोकळे. उंदीर पुढच्या पायांवरही चालतो, हे विसरू नका. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी तो त्या खांद्यावर वजन टाकतो. मी एखाद्या पेशंटला दुसऱ्या दिवशी हातांवर चालायला लावलं तर माझा परवाना जाईल, आणि जायलाच हवा.

आणि तरी उंदराचा जोड बहुधा टिकतो! मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट हीच आहे. तरुण, निरोगी प्राणी, चाकूनं स्वच्छ कापलेलं टेंडन, त्याच वेळी परत शिवलेलं, आणि अंतर पडलं तरी व्रणऊतीनं ते भरून काढण्याची भलतीच क्षमता. अशा प्राण्यात नियंत्रण गटही बरा होतो आणि स्कॅफोल्डचा गट त्याहून थोडा बरा. त्या थोड्याला सांख्यिकीचा शिक्का मिळतो आणि निबंध छापून येतो.

माझ्याकडे येणारे खांदे तसे नसतात. टेंडन वर्षानुवर्षं झिजून फाटलेलं, कित्येक महिने तसंच राहिलेलं, स्नायू मागे ओढला जाऊन आखूड झालेला, त्यात चरबी शिरलेली. गुतालिए यांनी १९९४ मध्ये या चरबीची ० ते ४ अशी प्रतवारी दिली ती अजून वापरात आहे, कारण शस्त्रक्रियेनंतर जोड टिकेल का याचा अंदाज तिच्यावरून बराच लागतो. पण हा मुद्दाही शेवटी ओढीचाच आहे. आखूड, ताठ झालेला स्नायू खेचून हाडापर्यंत आणला की रुग्ण झोपलेला असतानाही जोडावर ताण असतो. झोळी घालून मी हाताची हालचाल थांबवू शकते. तो ताण नाही थांबवू शकत. तुमचा स्कॅफोल्ड या अविरत ताणाखाली काय करतो? ताज्या कापलेल्या टेंडनवर प्रयोग करून हे कळणार नाही. टेंडन आधी तोडून, काही आठवडे तसंच ठेवून, मग शिवण्याची प्रारूपं आहेत. मेंढीतली तर या बाबतीत माणसाला बरीच जवळची आहेत. ती महाग पडतात आणि वेळ खातात. त्यावर पुढे येतेच.

माणसांत काय झालं ते पाहू. गॅलॅट्झ आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये मोठ्या व अतिमोठ्या फाटी दुर्बिणीतून शिवलेल्या १८ रुग्णांची सोनोग्राफी केली. १७ जणांत टेंडन पुन्हा सुटलेलं होतं. त्यांतल्या बहुतेकांना वर्षभरानंतर वेदना कमी आणि हात बरा वाटत होता. दोन वर्षांनी तो फायदा ओसरू लागलेला दिसला. (म्हणून ‘रुग्ण समाधानी आहेत’ एवढ्यावर जोड टिकल्याचा निष्कर्ष काढणाऱ्या निबंधांकडे मी जरा तिरक्या नजरेनंच पाहते.) दोन वर्षांनी, २००६ मध्ये, डुकराच्या लहान आतड्याच्या आवरणापासून केलेल्या ठिगळाची यादृच्छिक चाचणी जोसेफ इयानोटी यांच्या गटानं प्रसिद्ध केली. प्राण्यांत हे ठिगळ आशादायक ठरलं होतं. माणसांत, ठिगळ लावलेल्या १५ खांद्यांपैकी ४ जुळले. न लावलेल्या १५ पैकी ९. लेखकांनी असल्या फाटींसाठी ते न वापरण्याचा सल्ला दिला. प्रतिकूल निकाल इतक्या सरळपणे छापणाऱ्या या निबंधाबद्दल मला नितांत आदर आहे. असे निबंध विरळा, हे तुम्हालाही माहीत आहे.

इयानोटींच्याच २०१३ च्या अभ्यासातली एक गोष्ट मला तुम्हा सर्वांच्या टेबलावर चिकटवून ठेवावीशी वाटते. शिवल्यानंतर ठरावीक अंतरानं प्रतिमा काढत गेल्यावर दिसलं की जोड सुटतात ते प्रामुख्यानं ६ ते २६ आठवड्यांच्या दरम्यान. आता प्रचलित वेळापत्रक आठवा. चार ते सहा आठवडे झोळी, त्यानंतर स्वतःच्या ताकदीनं हालचाल, बाराव्या आठवड्याच्या आसपास वजनं. म्हणजे जोड सुटण्याचा काळ हा माझा काळ आहे. झोळी निघते, पेशंटला बरं वाटू लागतं, तो हात वापरू लागतो, मी व्यायाम वाढवते.

आणि याच काळात तुमचं पॉलिमर विरघळत असतं. ५०:५० प्रमाणातलं पीएलजीए (शरीरात विरघळणारं एक पॉलिमर) एक-दोन महिन्यांत ढासळतं, आणि वस्तुमान घटण्याच्या कितीतरी आधी त्याची ताकद जाते. पीसीएल हे दुसरं पॉलिमर दोन वर्षं आणि त्याहून जास्त टिकतं, म्हणजे ते उलट बाजूनं अडचण करू शकतं: भार स्वतःच उचलत राहिलं तर नव्या ऊतीला ओढ लागणारच नाही, आणि ओढीशिवाय ती पिकत नाही हे वर आलंच आहे. कोणत्या आठवड्यात स्कॅफोल्ड किती भार उचलतो आणि नवी ऊती किती, हा आलेख मला हवा आहे. विरघळण्याचा आलेख तुम्ही देता, पण तो बहुधा सलाइनच्या बाटलीतला, ३७ अंशांवर, कोणीही न ओढता. शरीरात, ओढीखाली, दाहाच्या रसायनांत तो तसाच राहील असं मानायला काही आधार आहे का?

तुमच्याकडे हा आलेख नाही म्हणून आमच्याकडे वाद आहेत. शस्त्रक्रियेनंतर खांदा लवकर हलवावा की उशिरा, यावर चाचण्या झाल्या, चाचण्यांची एकत्रित विश्लेषणंही झाली. लवकर हलवला तर हालचालीचा आवाका आधी परततो. फाट मोठी असेल तर पुन्हा सुटण्याची भीती वाढते असं काहींत दिसतं. त्यापुढे आमच्यात ज्याचा त्याचा अनुभव. साधा झोक्याचा व्यायाम घ्या, ज्यात कमरेत वाकून हात लोंबता सोडून हलकेच फिरवतात. तो सर्वांत सुरक्षित मानला जातो. स्नायूंचे विद्युतसंकेत मोजल्यावर कळलं की घेर मोठा झाला की सुप्रास्पायनेटस हा रोटेटर कफमधला स्नायू लहान घेरापेक्षा जास्त काम करू लागतो, आणि व्यायाम चुकीचा केला तर आणखी. आम्ही सांगतो ‘छोटे गोल’, पेशंट घरी जाऊन उत्साहानं मोठे काढतो. त्या मोठ्या गोलानं तुमच्या जोडाला काही होतं का? तुम्ही सांगितलंत तर मी त्याला घाबरवायचं की मोकळं सोडायचं हे ठरवीन.

गुडघ्याचं उदाहरण थोडं आशादायक आहे. स्कॉट रोडिओ यांनी १९९३ मध्ये कुत्र्याच्या हाडातल्या बोगद्यात टेंडन बसवून ते वेगवेगळ्या आठवड्यांनी ओढून पाहिलं. आठव्या आठवड्यापर्यंत ते बोगद्यातून निसटत होतं. बाराव्या आठवड्यापासून बोगदा सोडत नव्हतं; बिघाड दुसरीकडे होत होता. मला वापरता येईल असं उत्तर हे असं असतं. कितव्या आठवड्यापर्यंत जोडाची जागा कच्ची आहे आणि कुठून बिघडते, दोन्ही त्यात आहे. मांडीचं टेंडन बोगद्यात घातलेल्या पेशंटला मी सुरुवातीच्या महिन्यांत जास्त जपते आणि दोन्ही टोकांना हाडाचा तुकडा असलेल्या कलमाला त्यामानानं कमी, कारण हाड हाडाला लवकर धरतं, यामागे असेच अभ्यास आहेत. रोडिओ यांचा अभ्यास तीस वर्षांहून जुना, त्यात स्कॅफोल्ड नाही, पेशी नाहीत, ग्रोथ फॅक्टर नाही, आणि तरी माझ्या रोजच्या कामात तुमच्या शंभर निबंधांपेक्षा उपयोगी.

तेव्हा मागणं काय?

परीक्षक आणि संपादकांनी ‘पिंजऱ्यात मोकळं फिरू दिलं’ हे वाक्य पुरेसं मानू नये. शस्त्रक्रियेनंतर कोणत्या दिवसापासून प्राण्यानं पाय टेकला, चाल किती दिवसांनी पूर्ववत झाली, निदान एका गटाला प्लास्टर लावून पाहिलं का, एवढं तरी विचारा. हे जमत नाही असं नाही, वर दिलेल्या प्रयोगशाळांनी वीस वर्षांपूर्वी केलेलं आहे. तुटला तेव्हा जोड कुठे तुटला, हे कमाल बळाच्या आकड्याशेजारी छापायला लावा. तो आकडा ऊती जाड झाली की आपोआप वाढतो. ढीगभर व्रणऊतीसुद्धा बलवान दिसू शकते. आणि ठिगळ कामाला आलं नाही असं म्हणणारा निबंध ‘नावीन्य नाही’ म्हणून परत पाठवू नका. २००६ चा तो निबंध कोणी परत पाठवला असता तर ते ठिगळ आणखी किती खांद्यांत गेलं असतं?

निधी समित्यांशी बोलायचं तर पैशाबद्दलच बोलावं लागेल. म्हातारे प्राणी सांभाळणं महाग, जुनी फाट तयार करायला वेळ, मेंढीला तर गोठा. दोन-तीन वर्षांच्या अनुदानात तरुण उंदीर आणि आठ आठवडे एवढंच बसतं, आणि मग विज्ञान त्या मापाचं शिवलं जातं. दहा नव्या पॉलिमरांऐवजी आधीच्याच दोन-तीनांना म्हाताऱ्या, जुन्या फाटीच्या, ठरावीक भार दिलेल्या प्राण्यांत सहा महिने तपासायला पैसे द्या. नव्या पदार्थाचं अनुदान मंजूर करायला सोपं असतं, हे समजतं मला.

संशोधकांकडे एक जास्तीचा हट्ट. बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात गेऑर्ग बर्गमान यांच्या गटानं कृत्रिम सांध्यांमध्ये संवेदक बसवून माणूस चालताना, उठताना, हात वर करताना सांध्यात किती बळ येतं ते प्रत्यक्ष मोजलं, खांद्यातलंही. ती मोजमापं सर्वांसाठी खुली आहेत. सांध्याच्या पृष्ठावरचं बळ कळलं, शिवलेल्या टेंडनवरचं नाही कळलं. तुम्ही नॅनोतंतू विणता, त्यांत विद्युतवाहक धागा गुंफणं तुम्हाला अवघड नाही. निदान मेंढीत असा स्कॅफोल्ड बसवा जो स्वतःवरची ओढ स्वतः सांगेल. तो बाजारात नाही आला तरी चालेल. त्यातून मिळणारी आकडेवारी पुढच्या प्रत्येक स्कॅफोल्डला उपयोगी पडेल.

यावर मला ठरलेलं उत्तर मिळतं: ओढ हा दवाखान्यातला प्रश्न आहे, आम्ही पदार्थ देतो, वेळापत्रक तुम्ही ठरवा. ठरवू की. पण औषध बनवणारा मात्रा न सांगता बाटली हातात देत नाही. तुमचा जोड तिसऱ्या आठवड्यात दहा न्यूटन सोसतो की शंभर, हे माहीत नसताना मी वेळापत्रक ठरवते तेव्हा जुन्या, ठिगळ नसलेल्या शस्त्रक्रियेचंच वापरते. मग तुमच्या चाचणीत नवा पदार्थ जुन्या वेळापत्रकावर तपासला जातो. तो हरला तर पदार्थ हरला की वेळापत्रक, हे कोणालाच सांगता येत नाही. जिंकला तरी तेच.

पुढच्या मानवी चाचणीची आखणी करताना पहिल्या बैठकीला एका फिजिओथेरपिस्टला बोलवा. नैतिक समितीची मंजुरी मिळाल्यावर ‘पुनर्वसन नेहमीप्रमाणे’ असं लिहून पाठवतात, तेव्हा नाही. प्राणी कोणता, भार किती, मोजायचं कधी, हे ठरत असतं तेव्हा. झोळी खरोखर किती तास घातली, व्यायाम किती झाले, कितव्या आठवड्यात काय उचललं, याच्या नोंदी आम्ही ठेवतो. आजवर त्या मला कोणत्याही स्कॅफोल्डच्या चाचणीसाठी कोणी मागितलेल्या नाहीत. मागा. पेशंटची संमती आणि ओळख लपवण्याची व्यवस्था झाली की देईन.

आपली,
एक फिजिओथेरपिस्ट